नोंदवहीतील पाऊस आणि संगणकातील पीक

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांचे नाते कोरडवाहू शेतीशी आहे. कोणाची स्वतःची चार एकर जमीन असेल, तर कोणाच्या आईवडिलांनी दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणी करून मुलांना शिकविले असेल. अशा घरांत पाऊस हा केवळ निसर्गवर्णनाचा विषय नसतो. पेरणी साधणार की दुबार पेरणी करावी लागणार, वेचणीची मजुरी मिळणार की हंगाम सुना जाणार, हे पावसावर ठरत असते. आज या पावसाचे आणि पिकाचे गणित संगणकावर मांडले जाते. कृषी विद्यापीठे, संशोधन संस्था, विमा कंपन्या आणि शासकीय विभाग त्या गणिताचा आधार घेतात. आपल्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण उद्या हेच काम करतील. म्हणून या गणिताचा पाया असलेल्या हवामान-नोंदींविषयी येथे सविस्तर विवेचन करावयाचे आहे.

१. पीक-प्रारूप म्हणजे काय?

पिकाची वाढ काही ठरावीक नियमांनी होते. पाने सूर्यप्रकाश घेतात, मुळे जमिनीतील ओलावा घेतात, आणि तापमानानुसार पीक उगवण, फुलोरा, शेंगा भरणे, पक्वता या अवस्थांतून पुढे सरकते. हे नियम गणिती समीकरणांत मांडून पेरणीपासून काढणीपर्यंत एकेका दिवसाचा हिशेब करणारी जी संगणकीय प्रणाली असते, तिला पीक-प्रारूप म्हणतात. अमेरिकेतील विद्यापीठांच्या पुढाकाराने विकसित झालेली आणि १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली ‘डीएसएसएटी’ तसेच ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात उभी राहिलेली ‘एपीएसआयएम’ या दोन प्रणाली जगभर वापरात आहेत. सोयाबीन, कापूस, ज्वारी, गहू, हरभरा अशा पिकांचे अभ्यास त्यांच्या साहाय्याने होतात.

प्रणालीला चार प्रकारची माहिती द्यावी लागते : जमिनीची, वाणाची, शेतकऱ्याने केलेल्या कामांची आणि हवामानाची. पहिल्या तीन बाबी हंगामात बहुधा एकदाच भरावयाच्या असतात. हवामान मात्र दररोज भरावे लागते. शंभर दिवसांच्या सोयाबीनसाठी शंभर दिवसांच्या नोंदी हव्यात, आणि तीस वर्षांचा अभ्यास करावयाचा असेल तर जवळपास अकरा हजार दिवसांच्या. चूक शिरण्यास सर्वाधिक वाव येथेच असतो.

२. हवामानाच्या चार आवश्यक नोंदी

दोन्ही प्रणालींना किमान चार गोष्टी लागतात : जमिनीवर पोहोचलेली सूर्याची ऊर्जा अर्थात सौर प्रारण, दिवसाचे कमाल तापमान, किमान तापमान आणि पाऊस. प्रारण प्रति चौरस मीटर मेगाज्यूलमध्ये, तापमान सेल्सिअस अंशांत आणि पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला जातो. याशिवाय फाइलच्या प्रारंभी ठिकाणाचे अक्षांश, वर्षाचे सरासरी तापमान आणि वर्षभरातील तापमानाच्या चढउताराची व्याप्ती लिहावी लागते. शेवटच्या दोन आकड्यांवरून प्रणाली जमिनीच्या आतील तापमान काढते. म्हणून फाइलमध्ये नवी वर्षे जोडल्यावर हे आकडे पुन्हा काढणे आवश्यक असते.

प्रत्येक नोंदीचे काम वेगळे आहे. प्रारणावर पिकाचे अन्न तयार होण्याचा वेग ठरतो. तापमानावर पिकाचे दिवस ठरतात. समजा, एखाद्या वाणाला पक्व होण्यासाठी १० अंशांवरील उष्णतेचे १,७०० एकक लागतात. दिवसाचे सरासरी तापमान २७ अंश असेल तर रोज १७ एकक जमा होऊन पीक १०० दिवसांत पक्व होईल. नोंदीत तापमान सतत एक अंशाने जास्त लिहिले गेले, तर तेच पीक संगणकात सुमारे ९४ दिवसांत पक्व होईल. तापमापक उन्हात टांगला गेला किंवा केंद्राभोवती सिमेंटचे अंगण झाले, तर एवढा फरक सहज पडू शकतो. मग फुलोरा आणि पावसाचा खंड यांची संगणकातील गाठ प्रत्यक्षापेक्षा वेगळ्या तारखेला पडते आणि उत्पादनाचा अंदाज चुकतो.

३. तारीख, वेळ आणि एकक

हवामानाच्या फाइलमध्ये महिना व तारीख लिहिण्याऐवजी वर्षातील दिवसाचा क्रमांक लिहिण्याची पद्धत आहे. १ जानेवारी हा पहिला दिवस धरला तर १ जुलै हा १८२ वा दिवस येतो. लीप वर्षात मात्र तो १८३ वा असतो. २०२४ ची फाइल २०२३ च्या क्रमांकांवरून तयार केली, तर फेब्रुवारीनंतरचा प्रत्येक दिवस एका दिवसाने सरकतो. प्रणाली अशी चूक दाखवतेच असे नाही, कारण तिच्या दृष्टीने क्रम बिनचूक असतो.

वेळेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पद्धतीनुसार पाऊस सकाळी ८.३० वाजता मोजला जातो आणि त्यापूर्वीच्या २४ तासांचा पाऊस त्या तारखेस लिहिला जातो. १५ जूनच्या रकान्यातील ४० मिलिमीटर पाऊस बहुधा १४ जूनच्या दुपारी वा रात्री पडलेला असतो. उपग्रहाधारित किंवा स्वयंचलित नोंदींत मात्र दिवस मध्यरात्र ते मध्यरात्र असा धरलेला असू शकतो. पाऊस एका स्रोतातून आणि तापमान दुसऱ्या स्रोतातून घेतले, तर ज्या दिवशी पाऊस आहे त्याच दिवशी कडक ऊन दिसते. त्यामुळे दोन स्रोत जोडण्यापूर्वी प्रत्येकाचा ‘दिवस’ केव्हा सुरू होतो, हे तपासलेच पाहिजे.

एककांच्या बाबतीतही सावध राहावे. जुन्या नोंदवह्यांत पाऊस इंचांत सापडतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. सौर ऊर्जा काही ठिकाणी किलोवॅट-तासांत दिलेली असते. तिला ३.६ ने गुणल्यावर मेगाज्यूल मिळतात. हा गुणाकार राहून गेला तर मे महिन्यातील लख्ख दिवस संगणकाला घनदाट ढगांचा वाटतो आणि पीक उपाशी राहते.

४. कोरी जागा आणि शून्य

नोंदवहीत ‘०’ लिहिणे आणि जागा कोरी असणे यांचे अर्थ भिन्न आहेत. शून्याचा अर्थ, मापक पाहिला आणि त्यात पाणी नव्हते. कोऱ्या जागेचा अर्थ, त्या दिवशी कोणी मापक पाहिलाच नाही, किंवा यंत्र बंद होते. टंकलेखन करताना कोऱ्या जागी शून्य भरले की अज्ञान हे ज्ञानाचे रूप घेते. पुढे ती फाइल हाताळणाऱ्यास तो दिवस कोरडा होता असेच वाटते. म्हणून ‘नोंद नाही’ हे सांगण्यासाठी ‘-९९’ सारखे खास चिन्ह वापरण्याची पद्धत आहे. पाऊस ऋण असू शकत नाही, त्यामुळे हे चिन्ह पाहताच जागा रिकामी असल्याचे कळते.

याच्या उलट प्रकारही घडतो. रविवारी कोणी मापक पाहिला नाही आणि सोमवारी दोन दिवसांचे साचलेले पाणी एकत्र मोजले गेले. शनिवार-रविवारचा ३० आणि रविवार-सोमवारचा ४० मिलिमीटर पाऊस सोमवारच्या नावावर ७० मिलिमीटर म्हणून जमा झाला. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानण्याचा निकष प्रचलित आहे. येथे न झालेली अतिवृष्टी कागदावर उमटली. दुसऱ्या गावी खरोखर ८० मिलिमीटर पाऊस झाला, पण मापक बंद असल्याने तेथे शून्य लिहिले गेले, तर तेथील खरडून गेलेल्या शेताची हानी कागदावर सिद्ध करणे कठीण होते. एका रकान्यातील आकडा असा एका कुटुंबाच्या वर्षभराच्या अन्नाशी जोडलेला असतो.

५. सरासरीचा फसवा पाऊस

या लेखाचा मध्यवर्ती मुद्दा येथे येतो. पुष्कळदा दैनंदिन नोंदी मिळत नाहीत, परंतु महिन्याची बेरीज किंवा तालुक्याची सरासरी मिळते. ती वापरण्याचा मोह होतो. त्याने काय होते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

एका तालुक्यात तीन गावे आहेत. पहिल्या गावी सोमवारी ४५ मिलिमीटर पाऊस पडला आणि पुढील दोन दिवस उघडीप राहिली. दुसऱ्या गावी केवळ मंगळवारी ३० मिलिमीटर पडला. तिसऱ्या गावी केवळ बुधवारी ३६ मिलिमीटर पडला. तालुक्याची सरासरी काढल्यास सोमवारी १५, मंगळवारी १० आणि बुधवारी १२ मिलिमीटर असा तीन दिवसांचा शांत, संथ पाऊस दिसतो. असा पाऊस तिन्ही गावांपैकी एकाही शेतात पडलेला नाही.

आता जमिनीवरून वाहून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब करू. पीक-प्रारूपांत यासाठी अमेरिकेच्या मृदसंधारण विभागाने रूढ केलेली ‘कर्व्ह नंबर’ पद्धत वापरतात. जमिनीची पाणी मुरवून घेण्याची क्षमता जितकी कमी, तितका हा क्रमांक मोठा. काळ्या भारी जमिनीसाठी तो ८५ धरला, तर एका दिवसात पडलेल्या ४५ मिलिमीटर पावसापैकी सुमारे १६ मिलिमीटर पाणी वाहून जाते. सरासरीच्या १५, १० आणि १२ मिलिमीटरमधून तिन्ही दिवसांचे मिळून एक मिलिमीटरही वाहत नाही. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका हेक्टरवर १०,००० लिटर. पहिल्या गावच्या शेतकऱ्याच्या एका हेक्टरवरून सुमारे १,६०,००० लिटर पाणी नाल्याला गेले, आणि संगणक मात्र ते जवळजवळ सगळे त्याच्या जमिनीत मुरल्याचे सांगतो.

महिन्याच्या बेरजेची गत याहून वाईट आहे. जुलैचा एकूण पाऊस ३०० मिलिमीटर असेल आणि तो ३१ दिवसांत सारखा वाटला, तर रोज साधारण ९.७ मिलिमीटर येतो. अशा जुलैमध्ये खंड नसतो, वाहून जाणे नसते, वाफसा न मिळाल्याने रखडलेली डवरणी नसते. संगणकातील सोयाबीन डोलू लागते. प्रत्यक्षात तोच ३०० मिलिमीटर पाऊस सहा दिवसांत कोसळून मध्ये अठरा दिवसांचा खंड पडलेला असू शकतो. ‘पाऊस सरासरीइतका झाला’ हे वाक्य आणि शेतात करपलेले पीक या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी खऱ्या असू शकतात, त्याचे कारण हेच आहे. पिकाला सरासरी प्यावयास मिळत नाही. त्या दिवशी मुळांपाशी जेवढी ओल असेल, तेवढ्यावरच त्याला जगावे लागते.

चौकोनी जाळ्यांच्या स्वरूपातील नोंदींनाही हीच मर्यादा आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाची पावसाची जाळी पाव अंशाची आहे. विदर्भात तिचा एक चौकोन सुमारे ७०० चौरस किलोमीटरचा होतो. १९०१ पासूनची ही माला प्रदेशाचा दीर्घ अभ्यास करण्यास फार मोलाची आहे. मात्र एका शिवारात कोणत्या दिवशी किती पाऊस पडला, याचे उत्तर त्या चौकोनाकडे मागणे न्याय्य ठरत नाही.

६. नोंद नसेल तेव्हा काय करावे?

नोंदी अपूर्ण असतात म्हणून अभ्यास थांबविण्याचे कारण नाही. रिकाम्या जागा भरण्याच्या मान्य पद्धती आहेत. फक्त प्रत्येक घटकाला वेगळी पद्धत लागते.

तापमान दूरवर सारखे बदलते. म्हणून शेजारच्या केंद्राचे तापमान घेऊन, दोन केंद्रांतील नेहमीचा फरक त्यात मिळवून रिकामी जागा भरता येते. एक-दोन दिवसांची जागा आदल्या व पुढच्या दिवसांवरूनही भरली तरी फारसे बिघडत नाही.

सौर प्रारण मोजणारी यंत्रे थोड्या ठिकाणी असतात. परंतु अनेक जुन्या वेधशाळांत काचेच्या गोळ्याने कागदी पट्टीवर जळालेली रेघ उमटवून सूर्यप्रकाशाचे तास मोजले जात. त्या तासांवरून प्रारण काढण्याचे सोपे सूत्र आहे. दिवसभर पूर्ण ढग असतील तर वातावरणाच्या माथ्यावर पोहोचणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे एक चतुर्थांश जमिनीवर येते, आणि दिवसभर लख्ख ऊन असेल तर सुमारे तीन चतुर्थांश. तासांचीही नोंद नसेल तर कमाल व किमान तापमानातील अंतर कामी येते. ढगाळ दिवशी हे अंतर कमी असते आणि निरभ्र दिवशी जास्त. या अंतराच्या वर्गमुळाला ०.१६ ने आणि माथ्यावरील ऊर्जेने गुणावे. किनाऱ्यापासून दूरच्या प्रदेशासाठी हा गुणक आहे. किनारपट्टीसाठी तो ०.१९ घेतात. आपल्याकडे मे ते जुलैमध्ये माथ्यावरील ऊर्जा सुमारे ३९ मेगाज्यूल असते. जुलैत ३१ व २४ अंश तापमान असलेल्या दिवशी उत्तर सुमारे १६.५ येते, आणि मे महिन्यात ४२ व २८ अंश असलेल्या दिवशी सुमारे २३. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या ‘पॉवर’ या विनामूल्य सेवेतूनही कोणत्याही अक्षांश-रेखांशाची दैनंदिन प्रारण-नोंद मिळविता येते.

पावसाच्या बाबतीत मात्र अंदाजास फार वाव नाही. रस्त्याच्या या बाजूला पाऊस आणि त्या बाजूला ऊन, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. आदल्या-पुढच्या दिवसांची सरासरी घेणे तर पूर्णतः चूक होय. अत्यंत जवळच्या केंद्राची नोंद, तिचा उल्लेख करून, घ्यावी. फुलोऱ्याच्या वा शेंगा भरण्याच्या काळातील अनेक दिवस रिकामे असतील, तर त्या वर्षाचा निष्कर्ष काढू नये, हेच उचित.

हे सर्व करताना पुढील शिस्त पाळावी :

• मूळ फाइल कधीही बदलू नये. दुरुस्तीसाठी स्वतंत्र प्रत करावी.

• किमान तापमान कमाल तापमानापेक्षा जास्त झालेले दिवस शोधावेत. तेथे बहुधा रकान्यांची अदलाबदल झालेली असते.

• दशांश चिन्हाच्या चुका पाहाव्यात. ४.५ आणि ४५ मिलिमीटर यांत एका पेरणीचा फरक आहे.

• माथ्यावरील ऊर्जेहून अधिक प्रारण जमिनीवर पोहोचू शकत नाही. तसे दिसल्यास एकक तपासावे.

• भरलेल्या प्रत्येक जागेसमोर ‘मोजलेली’ की ‘अंदाजित’ हे लिहावे आणि पद्धतही लिहावी.

• शंका असलेल्या नोंदीच्या जागी दोन वेगवेगळे आकडे घालून प्रणाली दोनदा चालवावी. उत्तर फारसे बदलले नाही तर चिंता नाही. बदलले तर ते दोन्ही आकड्यांसह जाहीर करावे.

७. हंगाम अर्धा उलटला असताना

ऑगस्टच्या मध्यावर कोणी विचारले की यंदा किती पिकेल, तर पुढील दोन महिन्यांचे हवामान आणावयाचे कोठून? येथे सरासरी हवामान भरण्याची चूक टाळून एक सुंदर पद्धत वापरतात. आजपर्यंतचे यंदाचे खरे हवामान घ्यावयाचे, आणि पुढील दिवसांसाठी मागील तीस वर्षांचे हवामान एकेक करून जोडावयाचे. अशा तीस फाइली होतात आणि तीस उत्तरे मिळतात. मग ‘इतके क्विंटल पिकेल’ असे एकच विधान न करता, ‘तीसपैकी बावीस वर्षांसारखे हवामान राहिले तर खर्च निघेल’ असे प्रामाणिक विधान करता येते. ऑस्ट्रेलियातील शेतकऱ्यांसाठी चालविलेली ‘यील्ड प्रॉफेट’ ही सेवा याच तत्त्वावर उभी राहिली. अनिश्चितता न लपविता शेतकऱ्यासमोर ठेवली, तर खताचा दुसरा हप्ता द्यावा की पैसा राखावा, हा निर्णय तो स्वतःच्या परिस्थितीनुसार घेऊ शकतो.

८. आपल्या परिसरात काय करता येईल?

महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पांतर्गत महसूल मंडळ स्तरावर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली आहेत. हे मोठे पाऊल आहे. परंतु एका मंडळात अनेक गावे येतात आणि केंद्र एकच असते. केंद्रापासून दूरच्या गावाला स्वतःच्या पावसाची स्वतंत्र नोंद असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

या कामासाठी निवासी शाळेसारखी दुसरी योग्य जागा नाही. येथे सकाळी ८.३० वाजता विद्यार्थी हजर असतात, रविवारीही असतात. साधा पर्जन्यमापक मोकळ्या जागेत, त्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर राहील असा बसवावा. जवळची इमारत वा झाड जितके उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर तो असावा. दररोज दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे माप वाचावे, नोंदवहीत तारीख, वेळ, आकडा लिहून सही करावी. पाऊस नसेल तर ‘०’ लिहावे. दिवाळीच्या वा उन्हाळ्याच्या सुटीत कोणी नसेल तर ‘नोंद नाही’ असेच लिहावे. सुटीनंतर साचलेले पाणी मोजल्यास ते किती दिवसांचे आहे, हे नमूद करावे. दहा वर्षांत अशी वही पंचक्रोशीतील शेतकऱ्यांचा दस्तऐवज होईल. तिला शासकीय नोंदीचे स्थान लगेच मिळेल असे नव्हे. परंतु अर्ज करताना, सल्ला मागताना, एखाद्या माजी विद्यार्थ्याने कृषी विद्यापीठात अभ्यास करताना तिचा आधार घेता येईल.

समारोप

पीक-प्रारूप हे निष्ठावान साधन आहे. त्याला जे सांगावे ते सत्य मानून ते पुढे हिशेब करते आणि आपली शंका बोलून दाखवीत नाही. शंका घेण्याची जबाबदारी माणसाचीच राहते. जे मोजले ते मोजले म्हणून लिहावे, जे अंदाजाने भरले ते अंदाज म्हणून लिहावे, आणि जे ठाऊक नाही ती जागा कोरी असल्याचे स्पष्ट नोंदवावे, एवढाच या विषयाचा सारांश आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी संगणकाचे ज्ञान अवश्य घ्यावे. पण ज्या शेतकऱ्याच्या बांधावर तो पाऊस पडतो, त्याचे हित त्या रकान्यातील एका आकड्यावर अवलंबून आहे, याचे भान ठेवूनच तो आकडा लिहावा.